गच्चीवरची छत्री भंगारात देऊ नका

हर्सूल, जटवाडा रोड, जाधववाडी या भागांतल्या गच्च्यांवर नजर टाकली, तर डीटीएचची एखादी बंद पडलेली छत्री दिसतेच. घरोघरी इंटरनेटवर मालिका दिसू लागल्या आणि तिचे काम संपले. भंगारवाल्याच्या गाडीवर जाण्याआधी ती जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जावी, असे माझे म्हणणे आहे.

कारण हीच छत्री साधी रेडिओ दुर्बीण होऊ शकते. तिच्या पुढच्या एलएनबीला केबलने सिग्नल फाइंडर जोडायचा. छत्री बसवणारे कारागीर वापरतात तो हा काट्याचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. वीज जुन्या सेटटॉप बॉक्समधून घेता येते. छत्री मोकळ्या आकाशाकडे रोखून काटा खाली आणायचा आणि मग ती हळूहळू सूर्याकडे वळवायची. काटा वर चढतो. एलएनबीसमोर तळहात धरला तरी चढतो, कारण आपले उबदार शरीरही क्षीण रेडिओलहरी सोडत असते. मात्र सूर्याकडे डोळ्यांनी थेट पाहायचे नाही आणि चकचकीत छत्री वापरायची नाही.

हा पोरखेळ नाही. १९६५मध्ये कल्याणला डॉ. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी सूर्याचे वेध घेतले, ते ऑस्ट्रेलियाने वापरातून काढून भेट दिलेल्या ३२ छोट्या डिशच्या जोरावर. पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी उभारली. तिथेही खर्च वाचवायला भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणली.

मग 'शाळेकडे निधी नाही' ही सबब किती दिवस सांगायची? वस्तीत मोबाइल टॉवर आला की घबराट पसरते किंवा सरसकट दुर्लक्ष होते. हा मीटर टॉवर सुरक्षित आहे की नाही ते सांगणार नाही. त्यासाठी वेगळी उपकरणे लागतात. पण काटा हलताना पाहिलेला विद्यार्थी 'लहरी आहेत का?' एवढ्यावर थांबत नाही. किती आहेत, किती अंतरावर, कोणत्या वारंवारतेच्या, असे तो विचारतो. आरोग्याच्या चर्चेत नेमके हेच प्रश्न हरवतात.

लहरी प्रक्षेपित करायला परवाना लागतो. इथे तर त्या फक्त टिपायच्या आहेत. पालकांनी छत्री द्यावी, शिक्षकांनी एक दुपार.