पॉलिपला घाबरा, पण रिपोर्ट वाचून

गेल्या शनिवारी शेगावहून काकांचा फोन आला. "अरे बावा, माह्या जठरात पॉलिप सापडला म्हनते. कॅन्सर हाय का नाई, तेवढं पाय बरं तुह्या नेटवर." दुर्बिणीची तपासणी झालेली, रिपोर्ट इंग्रजीत, आणि दवाखान्यात एवढी गर्दी की विचारायची सोय नाही.

बसलो वाचत. लक्षात आलं की आपला प्रश्नच चुकतो. पॉलिपची भीती आपण मोठ्या आतड्यावरून उसनी आणलीय. तिथले काही पॉलिप वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतात, म्हणून ते काढून टाकतात. जठरातले बहुतेक पॉलिप त्या वाटेला जात नाहीत. म्हणून विचारायचं ते हे, की प्रकार कुठला?

फंडिक ग्लँड पॉलिप बऱ्याचदा पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत दिसतात. आतड्यात शेकडो पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार नसेल, तर त्यांचा कॅन्सर होणं फार म्हणजे फारच विरळ. हायपरप्लास्टिक पॉलिप जुनाट सुजेतून येतात. त्यांचा धोका थोडाच, पण 1 सेंटिमीटरच्या वर गेले की वाढतो. खरा काळजीचा तो अडिनोमा. तो लहान असला तरी काढतात, आणि 2 सेंटिमीटरच्या वर असेल तर धोका बराच.

याहून महत्त्वाचं म्हणजे आजूबाजूचं अस्तर. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं तिथे सूज ठेवतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तर 1994 मध्येच त्याला कॅन्सरचं कारण ठरवलं होतं. अस्तर झिजलं किंवा आतड्यासारखं झालं, तर कॅन्सर पॉलिप सोडून भलतीकडेच उगवू शकतो. जंतूवर साधारण दोन आठवड्यांचं औषध असतं, आणि तो गेला की हायपरप्लास्टिक पॉलिप अनेकदा आपोआप विरतात.

आता काकांचा रिपोर्ट. हायपरप्लास्टिक, 8 मिलिमीटर. हुश्श! पण अस्तराचा तुकडा घेतलेलाच नाही. जंतू 'निगेटिव्ह', पण काका त्या दिवशीही सकाळी गॅसची गोळी घेऊन गेलेले. या गोळीने जंतू दबतो आणि तपासणी फसते. साधारण दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, ती बंद करावी लागते. हे कुणी सांगितलंच नाही. कंपायलरची वॉर्निंग बंद करून 'बिल्ड पास' म्हणावं, तसला प्रकार!

माझं मत सरळ आहे. पॉलिप सापडला की 'कॅन्सर आहे का?' एवढंच विचारून घरी येऊ नका. प्रकार, आकार, जंतू आणि अस्तर, हे चार शब्द कागदावर लिहून न्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

काकांनी शेवटी विचारलं, "मंग कचोरी बंद करू का?" म्हटलं, कचोरीवर कशाला आळ घेता? बिडी बंद करा, लोणच्या-पापडाचं मीठ कमी करा. पलीकडे शांतता. पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून त्यांना अकोल्याला नेतोय. चिठ्ठी खिशात आहे.