स्पर्धा तुमसरात थांबते

मा. संपादक,


‘ब्रॉडबँडचे अनुदान थांबवा, खासगी स्पर्धा गावोगाव पोहोचेल’ हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला धरून नाही.

गावोगाव ब्रॉडबँड नेणारी भारतनेट योजना म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी, हे त्यातले विधानच अर्धवट. हा पैसा डिजिटल भारत निधीतून येतो आणि त्यात दूरसंचार कंपन्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के भरतात. शहरातल्या ग्राहकावर कमवा, खेड्याचा वाटा द्या, असा हा सौदा २००२ पासूनचा आहे. शिवाय अनुदान आणि स्पर्धा एकमेकांचे वैरी नाहीत. महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ७,२८७ गावांसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली ४जी योजना याच निधीची, पण काम खुल्या निविदांतून द्यायचे ठरले.

निव्वळ स्पर्धा तुमसरच्या बाजारपेठेत दिसते. सिहोरा परिसरातल्या टोल्यांवर (लहान वस्त्यांवर) ग्राहक मोजके, केबल लांब. तिथे नफ्याचे गणित बसत नाही. धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी आणि ई-पीक पाहणी मात्र टोलीवरच्या शेतकऱ्यालाही चुकत नाही.

ग्रामपंचायतीपर्यंत आलेली केबल पुष्कळदा मुकी पडते, एवढे मान्य. पण तो दोष देखभालीचा. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. लेखकमहाशयांनी जाब विचारायचाच तर तिचा विचारावा.

– एक धान उत्पादक, सिहोरा (ता. तुमसर, जि. भंडारा)