अंगठा लागला नाही, याची नोंद कुठे आहे?

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना लागणारे तिसगाव हे आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे बाजाराचे गाव. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात ते फाल्गुन-चैत्रात परततात. इतके महिने धारदार पाचट सोलून, मोळ्या बांधून, कोयत्याची मूठ आवळून हातांचे जे व्हायचे ते झालेले असते. तेच बोट मग रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर ठेवायचे. मशीन म्हणते, जुळत नाही. दुकानदार सांगतो, बोट पूस, कपाळाला घास, परत ठेव.

कपाळाला घासण्याच्या या उपायाला हसू नये. बोटांच्या टोकांवर घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेल सोडणाऱ्या ग्रंथी नसतात. कपाळावर त्या असतात. कोरड्या त्वचेच्या रेषा काचेला नीट चिकटत नाहीत, त्यामुळे मशीनला रेषा आणि खाच यांतला फरक दिसत नाही. कपाळाचा तेलकटपणा ती उणीव थोडी भरून काढतो. मात्र रेषाच झिजल्या असतील तर कपाळही कामाला येत नाही.

या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच, साधारण तिसऱ्या महिन्यापासून, आकार घेऊ लागतात. त्यांचा साचा त्वचेच्या वरच्या थरात नसून त्याखाली असतो. म्हणून वरवर खरचटलेले, झिजलेले बोट विश्रांती मिळाली की काही आठवड्यांत पूर्ववत होते आणि जुनीच नक्षी परत येते. खोल जखमेचा व्रण मात्र कायम राहतो. रोजच झीज होत असेल तर त्वचेला भरून यायला वेळच मिळत नाही. सिमेंट-चुन्यात काम करणारा गवंडी, धुणीभांडी करणारी बाई, कांदा काढणारे मजूर, सगळ्यांची हीच गत. वय वाढले की त्वचा सैल पडते, रेषा सपाट होतात. हाताचा इसब हेही एक कारण आहे. कर्करोगावरचे कॅपेसिटाबिन हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या तळहातांची त्वचा सोलवटून ठसेच नाहीसे होतात. सिंगापूरच्या अशाच एका वृद्ध रुग्णाला २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर ठसे मिळेनात म्हणून काही तास अडवून ठेवले होते. कष्टाचे काम नसतानाही ठसे पुसट होत असतील किंवा बोटे बधिर वाटत असतील, तर आधार केंद्राआधी डॉक्टरांकडे जावे.

म्हणजे ठसा न जुळणे ही अनेकदा त्वचेची गोष्ट असते. यंत्रणा मात्र तिच्याकडे ओळखीची गोष्ट म्हणून पाहते, आणि ओळख पटली नाही की संशय येतोच. या संशयाला इतिहास आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, हा हेतू. ठशांचे वर्गीकरण करणारे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले, तेही गुन्हेगार ओळखण्यासाठी. आज तोच ठसा महिन्याला माणशी पाच किलो धान्यासाठी लागतो.

भारताच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालानेच काही ठिकाणचे ठसे न जुळण्याचे अंदाज दिले होते : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७, गुजरात ६. राज्याराज्यांत इतकी तफावत असेल तर दोष केवळ बोटांचा नाही. नेटवर्क, मशीन आणि मूळ नोंदणीचा दर्जा यांचाही आहे. पण दुकानात उभ्या माणसाला यातले कोणते कारण आहे हे कळत नाही. त्याला एवढेच कळते की अंगठा लागला नाही.

आता जरा लांबचे उदाहरण. अमेरिकेतल्या शेअर व रोखे व्यवसायातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात. शेअर प्रमाणपत्रांच्या चोऱ्या वाढल्यानंतर १९७५ साली कायद्यात ही तरतूद आली. ठसे तपासणीसाठी सरकारकडे जातात आणि तिथून आलेली कागदपत्रे कंपनीला कर्मचारी सोडून गेल्यानंतरही किमान तीन वर्षे जपावी लागतात. त्यातली एक बाब तिसगावच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एखाद्याचे ठसे तीनदा पाठवूनही वाचता येत नाहीत म्हणून परत आले, तर त्याला त्या अटीतून सूट मिळू शकते. मात्र परत आलेली ठशांची कार्डे कंपनीने दप्तरी ठेवायची. ठसा वाचता न येणे हीसुद्धा तिथे एक नोंद आहे, आणि ती माणसाच्या बाजूने उभी राहते.

अर्थात तो ठसा नोकरीच्या सुरुवातीला एकदा घेतला जातो, आपल्याकडे दर महिन्याला जुळवावा लागतो. म्हणून तर नोंदीची गरज इथे अधिक आहे. नियम आपल्याकडेही नाहीत असे नाही. ठसा जुळला नाही तर डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा मोबाइलवरच्या ओटीपीचा पर्याय वापरावा, तेही जमले नाही तर वेगळ्या वहीत नोंद करून लाभ द्यावा, अशा सूचना २०१७ मध्येच निघाल्या. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आता आली आहे. पण मोतीबिंदू झालेल्या आजीचे बुबुळ नीट टिपले जात नाही, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो मुलाबरोबर कारखान्यावर गेलेला असतो. शेवटी आधार उरतो तो वहीचाच.

वहीवर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. मशीन येण्याआधी याच वह्यांत खोट्या सह्या, खोटे अंगठे उमटत आणि धान्य काळ्या बाजारात जाई. अपवादाची वाट मोकळी सोडली तर ते पुन्हा होऊ शकते. पण त्यावरचा उपाय अपवाद बंद करणे हा नव्हे, अपवाद दिसेल असा ठेवणे हा आहे. धान्य दिल्याची पावती मशीन देते. मग ठसा फेटाळल्याचीही द्यावी, तारीख, वेळ आणि कारणासह. दुकानाची अपवाद-वही दर महिन्याला दक्षता समितीपुढे आणि ग्रामसभेत यावी. एका दुकानात दहा अपवाद आणि शेजारच्या गावात एकही नाही, असे दिसले तर दोन्हीकडे चौकशी करावी. शून्य हा आकडा नेहमीच प्रामाणिकपणाचा नसतो. कदाचित तिथे लोकांना नुसतेच परत पाठवले जात असेल. पावतीसोबत वैद्यकीय दाखला मात्र मागू नये. झिजलेल्या बोटासाठी दवाखान्यात खेटे घालायचे म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी बुडवायची.

कोणते बोट सर्वांत चांगले जुळते, हे तपासून ठेवण्याची सोय आधारच्या व्यवस्थेत आहे. उजवा अंगठा झिजलेला असला तरी डाव्या हाताची करंगळी शाबूत असू शकते, कारण कोयता तिच्यावर फारसा घासत नाही. ठसे नव्याने नोंदवायचे असतील तर शिबिरे मजूर परतल्यावर लगेच न घेता दोन-अडीच महिन्यांनी, पावसाळ्यात घ्यावीत. तोवर बोटांच्या रेषा बऱ्याच भरून आलेल्या असतील, आणि मुकादमाची गाडी गावात यायला अजून अवकाश असेल.