एकच व्हिडिओ, उत्तरं वेगवेगळी? जिवंत पेशींमधली हालचाल अशी मोजतात

काळ्या पडद्यावर सरकणारे हिरवे ठिपके. जिवंत पेशींचे असे व्हिडिओ तुम्ही सोशल मीडियावर पाहिले असतील. पेशीतल्या घटकांना चमकणारं प्रथिन जोडलं की ते सूक्ष्मदर्शकाखाली असे उजळून दिसतात. या हिरव्या प्रथिनाच्या शोधाला आणि विकासाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण ठिपका किती वेगाने गेला आणि कुठे थांबला, हे ठरवणं सोपं नाही. मोजण्याची पद्धत बदलली की उत्तरही बदलू शकतं.

अडचण कुठे येते?

जास्त प्रकाश टाकला तर पेशीला इजा होते आणि चमकही विझत जाते. म्हणून प्रकाश कमी ठेवावा लागतो. मग चित्र अंधारात काढलेल्या मोबाइल फोटोसारखं दाणेदार येतं. ते जास्त गुळगुळीत केलं, तर शेजारचे दोन ठिपके एकच दिसतात. कमी केलं, तर संगणक दाण्यालाच ठिपका समजतो.

कायमोग्राफ म्हणजे काय?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला एसटी निघाली. ती दर मिनिटाला कुठे होती, हे कागदावर मांडलं. अंतर आडवं, वेळ उभी. गाडी धावताना तिरकी रेष उमटेल, थांब्यावर सरळ उभी. रेषेच्या उतारावरून वेग कळेल. ठिपक्यांचा असाच आलेख म्हणजे कायमोग्राफ. अख्खा व्हिडिओ एका चित्रात मावतो.

पुण्यात काय झालं?

या रेषा बऱ्याचदा माणूसच हाताने आखतो. त्यात वेळ जातो आणि दोघांच्या रेषा तंतोतंत जुळतीलच असं नाही. पुण्याच्या ‘आयसर’मधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘एएमट्रॅक’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. ते या रेषा आपोआप शोधतं.

आधी त्यांनी उत्तर माहीत असलेल्या कृत्रिम चित्रांवर ते तपासलं. मग किनेसिन प्रथिनामुळे सरकणाऱ्या सूक्ष्मनलिकांचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ०.५ मायक्रोमीटर आला. म्हणजे एक मिलिमीटर जायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी तो जुळला. चेतातंतूंमधल्या वाहतुकीचे, आधी हाताने मोजलेले निष्कर्षही पुन्हा तसेच मिळाले.

मग सर्वोत्तम पद्धत कोणती?

२०१४ मध्ये १४ गटांच्या पद्धती एकाच माहितीवर तपासल्या गेल्या. प्रत्येक परिस्थितीत पहिली येईल अशी एकही निघाली नाही. आता एआय दाणेदार चित्रं झटपट स्वच्छ करतं, पण मुळात नसलेला आकारही ते रंगवू शकतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

चेतापेशींच्या अनेक आजारांत ही आतली वाहतूक बिघडते. एखाद्या औषधाने ती सुधारली, असा दावा शेवटी अशाच मोजणीवर उभा असतो. त्यामुळे अशी बातमी शेअर करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: उत्तर माहीत असलेल्या चित्रांवर पद्धत तपासली होती का, आणि दुसऱ्या पद्धतीनेही तेच उत्तर आलं का?