भूमीखालील पाण्याचा धनी कोण?

नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा वाचक विरळाच. परंतु तेथील हिरवी शेते पाहून परतणारे पुष्कळ. त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व ओळखणारे थोडे.

पारनेर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. या पठाराचे पाणी एकीकडून मुळेवाटे गोदावरीस, तर दुसरीकडून घोडनदीवाटे भीमेस मिळते. आणि जाताना सुपीक माती घेऊन जमिनीस घळी पाडते. खालचा काळा खडक कठीण. पाणी साठते ते केवळ मुरमात व खडकाच्या भेगांत. अशी ही कोठी लहान. 1975 साली अण्णा हजारे गावी परतल्यानंतर ग्रामस्थांनी श्रमदानाने गळका पाझर तलाव दुरुस्त केला, नाल्यांस बांध घातले, उतारावर चर खणले, चराई व वृक्षतोड बंद केली. तेव्हा कोरड्या विहिरींस पाणी लागले.

येथवर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो पुढेच. सर्वांच्या घामाने मुरलेले हे पाणी कोणाचे? 1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणतो की, आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाचा. विलायती न्यायतत्त्वावरून घेतलेला हा नियम आमच्या खडकास मुळीच लागू पडत नाही. कारण पाण्यास सातबारा ठाऊक नाही. भागीदारीच्या पेढीतील एका भागीदाराने रात्री तिजोरी रिकामी केल्यास आमचे व्यापारी वाचक त्यास काय म्हणतील? शेजाऱ्याहून खोल विंधनविहीर घेणारा याहून निराळे काय करितो?

कर्जबाजारी शेतकरी हौसेने बोअर घेत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शेजारी आणखी खोल गेला म्हणजे त्याचे पाणी जाते आणि कर्ज मात्र राहते!

महाराष्ट्र सरकारने 2009 च्या भूजल कायद्याने खोल विहिरींवर नियंत्रण आणण्याची तरतूद केली. पण कायदा कागदावर राहतो. गावाचा निश्चय शिवारात उतरतो. राळेगणने उसासारख्या तहानलेल्या पिकांस आळा घातला. याच जिल्ह्यातील हिवरेबाजारने शेतीसाठी विंधनविहिरी वर्ज्य केल्या. ग्रामसभेने पाऊस मोजून पिके ठरवावी, हाच खरा मार्ग होय.

आणि हा उपदेश केवळ खेड्यांस नाही. आपल्या इमारतीच्या आवारात बोअर घेणाऱ्या नगरवासीयाने छपरावरचे पाणी पुन्हा भूमीस दिले आहे काय, हे प्रथम स्वतःस विचारावे.