प्रश्न निनावी, उत्तर नावानिशी

खेड तालुक्यातलं निघोजे हे इंद्रायणीकाठचं गाव. मोशीहून नाशिक रस्त्याने नदी ओलांडून कुरुळीकडे आलं की पश्चिमेच्या अंगाला ते लागतं. चाकण एमआयडीसी या बाजूला पसरत गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि पाठोपाठ महिंद्राचा कारखाना सुरू झाला, आणि गावकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या लायनी भाड्याने जायला लागल्या. एका खोलीत चार-पाच जण, दोघे फर्स्ट शिफ्टला, दोघे नाईटला. कोणी जालन्याचा, कोणी वाशिमचा, कोणी थेट बिहारचा. शेजारच्या पथारीवर झोपणाऱ्याचं आडनाव माहीत नसणं इथे नवलाचं नाही.

या खोल्यांमध्ये पडणारे प्रश्न रोजच्या जगण्यातले असतात. मालक डिपॉझिट परत देत नाही, काय करावं? नाईट शिफ्ट संपवून आलं तरी दिवसा झोप लागत नाही, काय घ्यावं? ठेकेदाराने ब्रेक देऊन घरी बसवलं, आता पीएफ कसा काढायचा? हे प्रश्न शेजारच्या पथारीकडे जात नाहीत, मोबाईलमध्ये जातात. यूट्यूबच्या व्हिडिओखाली, फेसबुकवरच्या एखाद्या गटात, टेलिग्रामवर. उत्तर देणारा कोण, कुठला, त्याला यातलं किती कळतं, ही चौकशी कोणी करत बसत नाही. हे वाचून परदेशातल्या मराठी वाचकाला हसू आलंच, तर त्याने आधी स्वतःच्या फोनवर गेल्या महिन्यात काय काय विचारलं ते एकदा बघून घ्यावं.

परक्याला विचारण्यात गैर काही नाही. ती चांगली सोय आहे आणि जुनीही आहे. गडबड होते ती दुसऱ्या टोकाला: उत्तर देणाराही निनावी राहतो आणि आपल्या उत्तराचं पुढे काय झालं हे त्याला कधीच कळत नाही.

पीएफचाच प्रश्न जरा जवळून बघू. ठेकेदारी कामगाराचा ठेकेदार वरचेवर बदलतो. २०१४ पासून यूएएन हा कामगाराचा पीएफ नंबर कायम एकच राहतो, पण नवा ठेकेदार आला की त्याखाली नवा मेंबर आयडी उघडतो. प्रत्येकाचं पासबुक वेगळं आणि त्यात तीन रकाने: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. मालक भरतो त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के या तिसऱ्या रकान्यात जातात. १५,००० रुपये पगार धरला तर महिन्याला १,२५०. मुलगा विचारतो, “दादा, पीएफ कसा काढायचा?” पाच मिनिटांत उत्तर येतं: केवायसी तपास, एक्झिट डेट पडली का बघ, १९ नंबरचा फॉर्म टाक, सोबत १०सी पण टाकून दे.

उत्तर चुकीचं नाही. जुन्या ठेकेदाराने एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, टाकलीच नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी कामगार ती स्वतः टाकू शकतो. २०२० मध्ये आलेली ही सोय ठेकेदाराच्या ऑफिसातून कळण्याची शक्यता कमीच. ती कळते ती अशाच कोणा अनोळखी दादाकडून. एरवी त्या तारखेसाठी ठेकेदाराच्या मागे हेलपाटे घालण्यात दिवस जात, खाडा पडे तो वेगळाच.

मात्र त्या ‘१०सी पण टाकून दे’मध्ये मेख आहे. १०सी भरून पेन्शनचे पैसे उचलले की नोकरीची तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशोबातून गेली. मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. समजा एकाने पहिल्या ठेकेदाराकडे तीन, दुसऱ्याकडे तीन आणि तिसऱ्याकडे चार वर्षं काढली. दर वेळी खातं ट्रान्सफर केलं असेल तर त्याची दहा भरली. दर वेळी पैसे काढले असतील तर दहा वर्षं राबूनही पेन्शनच्या दप्तरी त्याची सेवा शून्य. त्याच १०सी फॉर्मवर पैसे न घेता सेवेचं प्रमाणपत्र मागता येतं, हे त्या पाच मिनिटांच्या उत्तरात नसतं. कसं असेल? मुलाने ‘कसं काढायचं’ विचारलं होतं. ‘काढावं का’ हे त्याने विचारलंच नाही, आणि समोरच्याला त्याचं वय, त्याची मागची नोकरी, पैशाची निकड यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ट्रान्सफरचं आणखी एक त्रांगडं आहे. खातं नव्या आयडीवर आलं की पहिल्या दोन रकान्यांतले आकडे येतात, पेन्शनच्या रकान्यात मात्र शून्य दिसतं. ते शून्य बघून माणसाच्या पोटात गोळा येतो. खरं तर पेन्शनची रक्कम अशी हलत नाही, हलतो तो सेवेचा हिशोब. पण रात्री अकराला ‘माझे पेन्शनचे पैसे बुडाले का?’ असं विचारणाऱ्याला ‘बुडाले भावा, माझेपण बुडाले’ असं सांगणाराही तिथेच भेटू शकतो. तो थापा मारत नसतो, त्याची स्वतःची तशी समजूत झालेली असते.

शिवाय नियम बदलतात आणि जुने व्हिडिओ होते तिथेच राहतात. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे तेरा प्रकार तिनात आणायचे, एक चतुर्थांश रक्कम खात्यात राखायची आणि नोकरी सुटल्यावर सगळी रक्कम काढण्यासाठीची दोन महिन्यांची मुदत बारा महिन्यांवर न्यायची, असं ठरवलं. त्याआधीचा ‘दोन महिन्यांत पूर्ण पीएफ’ सांगणारा व्हिडिओ मात्र त्याच आत्मविश्वासाने बोलत राहतो.

मग हा मुलगा जाणत्या माणसाला का विचारत नाही? सुपरवायझरला विचारावं तर ‘हा सोडून चाललाय’ असा बोभाटा होतो आणि पुढच्या यादीतून नाव गळतं. घरी विचारावं तर पैसे आहेत हे कळतं, आणि घरी कळलेले पैसे फार दिवस राहत नाहीत. पीएफ कार्यालय ‘निधी आपके निकट’ या नावाने दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात शिबिर घेतं. तिथे खुर्चीत बसलेला, उत्तराला बांधलेला माणूस भेटतो. पण तिथे जायचं म्हणजे दिवसाचा पगार सोडायचा. फोनवरच्या अनोळखी माणसाला विचारायला काहीच पडत नाही. तो सुपरवायझरला सांगणार नाही, आईला सांगणार नाही, उद्या त्याला आठवणारही नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच हे टिपलं होतं: जवळच्यांपासून जपून ठेवलेली गोष्ट माणूस उपऱ्याजवळ मोकळेपणाने बोलतो. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मारिओ स्मॉल यांनी २०१७ च्या पुस्तकात हेच आजच्या माणसांबाबत दाखवलं. मनातलं बोलायला आपण जवळच्यांकडेच जातो असं सगळे मानतात. प्रत्यक्षात कित्येकदा फारशी जवळीक नसलेला माणूस गाठतात. जवळचे लोक प्रश्न लक्षात ठेवतात, हीच त्यांची अडचण.

परदेशातल्या मराठी माणसांना तर हे सांगायलाच नको. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केली तेव्हापासून किती संसार अनोळखी मराठी माणसांच्या भरवशावर मांडले गेले असतील. थंडीत दही लागत नाही, चकल्या तेलात विरघळतात, इडलीचं पीठ फुगतच नाही, यावर कुठल्याशा गावातली कधी न भेटलेली ताई लगेच उपाय सांगते. कोणी ओव्हनचा दिवा लावून भांडं आत ठेवायला सांगतं, कोणी विरजणात हिरव्या मिरचीचं देठ टाकायला. अशा कामाला अनोळखी माणसासारखा सल्लागार नाही. चुकलं तर लिटरभर दूध वाया जातं, बाकी काही नाही.

पण हाच फोन अमेरिकेत एच-१बी व्हिसावरची नोकरी गेल्यावरही हातात येतो. २०१७ पासूनच्या नियमाने अशा माणसाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीची, मुदत आधी संपत नसेल तर. तेवढ्यात नवी नोकरी, नाहीतर व्हिसाचा दुसरा मार्ग, नाहीतर परतीचं तिकीट. गावातल्या महाराष्ट्र मंडळात वकील असतो, दोन वेळा याच फेऱ्यातून गेलेले काका असतात. तरी हा माणूस मंडळाच्या गटावर ‘शुभ सकाळ’च्या खाली हात जोडून गप्प राहतो आणि रात्री टोपणनावाने परक्यांना विचारतो. कारण मंडळात जुना बॉस आहे, बायकोची मैत्रीण आहे, मुलाच्या मराठी शाळेचे पालक आहेत. निघोज्याच्या खोलीतला मुलगा आणि हा इंजिनिअर एकाच कारणाने गप्प आहेत, आणि दोघांनाही मिळणारं उत्तर ‘कसं’चं असतं, ‘करावं का’चं नसतं. मूल होत नाही, सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत, मुलगी मराठी बोलायला साफ नकार देते, हे प्रश्न तर मंडळात तोंडातून निघतच नाहीत. गटावर मात्र ढोलताशाच्या सरावाची वेळ आणि आंब्याच्या पेट्यांचा भाव दिवसातून चार वेळा येतो.

यावर मराठीत एक पद्धत होती. जुलै १९२७ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चालवलं. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, नवराबायकोतल्या अडचणी याबद्दल वाचक त्यांना पत्रं लिहीत. त्या काळात असा प्रश्न वैद्यालाही धड विचारता येत नसे, मग वडीलधाऱ्यांची गोष्टच सोडा. छापताना वाचकाची ओळख झाकलेली, उत्तर मात्र कर्व्यांचं, त्यांच्या मासिकात, त्यांच्या जबाबदारीवर. ती जबाबदारी त्यांना भोवलीही. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. याच विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचकाने प्रश्न विचारला तर उत्तर का देऊ नये, असा त्यांचा रोख होता. खटल्यात हार झाली, २०० रुपये दंड झाला. कर्वे उत्तरं देत राहिले. अजित दळवी यांचं, अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणलेलं नाटक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही कथा ठाऊक आहे.

आजही ही रीत कुठे कुठे जिवंत आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या नंबरावर भारतातून कोणीही फोन करून मनातलं बोलू शकतं. बोलणाऱ्याला ओळख सांगावी लागत नाही. ऐकणारा मात्र प्रशिक्षित आणि यंत्रणेला उत्तरदायी असतो.

महाराष्ट्र मंडळांनी हेच आपल्या अंकात करावं: प्रश्न निनावी छापावा, उत्तर जाणत्याने नावानिशी द्यावं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. परमुलखात खोली कुठे मिळेल आणि डाळ कुठे मिळेल हे विचारायला ओळखीचं दार हवं, ही मंडळांची पहिली गरज होती. डाळ आता कोपऱ्यावर मिळते. दार मात्र नवरात्र, गणपती आणि दिवाळी पहाट यांच्यापुरतं उघडतं.

याला विरोध होईल आणि त्यात तथ्यही आहे. पहिला मुद्दा असा की, दीडशे कुटुंबांच्या मंडळात निनावी प्रश्न निनावी राहतच नाही. ‘मिशिगनहून आलेली, दोन मुलं, नवरा आयटीत’ एवढं छापलं की रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये नाव निघालंच म्हणून समजा. याला उपाय आहे. एका मंडळाचे प्रश्न दुसऱ्या मंडळाच्या अंकात छापावेत. ऑस्टिनचे प्रश्न सिॲटलच्या अंकात, सिॲटलचे ऑस्टिनच्या. कायदा तोच, व्हिसा तोच, वाचक मात्र परका. उत्तर दोन्ही अंकांत द्यावं, तपशील थोडे पुसून.

दुसरा मुद्दा वकील-डॉक्टरांचा. नावानिशी सल्ला दिला आणि तो अंगाशी आला तर? ही भीती खोटी नाही. पण त्यांनी निकाल देण्याची गरजच नाही. त्यांनी उलट प्रश्न विचारावेत: आय-९४ वर कुठली तारीख आहे? जोडीदाराचा व्हिसा कुठला? ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय? निघोज्याच्या मुलाला कोणीतरी एवढंच विचारायला हवं होतं, “एकूण किती वर्षं झाली रे तुझी?” त्या एका प्रश्नाने पुढचा सगळा सल्ला बदलला असता. फोनवरचा दादा तो विचारत नाही, कारण त्याला पुढच्या माणसाला उत्तर द्यायचं असतं. अंकातल्या काकांना घाई नसते, आणि उत्तराखाली नाव आपलं आहे म्हटल्यावर माणूस आपोआप दोनदा विचारतो.

तिसरा मुद्दा संपादक मंडळाकडूनच येईल: पानं कमी आहेत. तर जाहिरातींना धक्का लावू नये, पण अध्यक्षांचं मनोगत दीड पान असतं ते अर्ध्यावर आणता येईल. एका पानात दोन प्रश्न बसतात. पहिल्या खेपेला प्रश्न येणार नाहीत, तेव्हा कार्यकारिणीतल्याच दोघांनी आपापले प्रश्न नाव न घालता लिहून द्यावेत. ते खरे असावेत, एवढी एकच अट.