मणका जुळला, कंबर दुखतेच

एप्रिल २०१७ मध्ये गोल्फपटू टायगर वूड्सच्या कमरेचा शेवटचा मणका त्याखालच्या त्रिकास्थीला कायमचा जोडण्यात आला. दोन वर्षांत त्याने ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही: त्यानंतरही त्याच्या पाठीवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि २०२५ मध्ये जोडाच्या लगेच वरची चकतीच बदलावी लागली.

हे केवळ दुर्दैव नव्हे. जोडलेला भाग हलत नाही, तेव्हा वाकण्या-वळण्याचा ताण शेजारच्या सांध्यांवर वाढतो. शिवाय वर्षानुवर्षे दुखणाऱ्या शरीरात मज्जासंस्थाच हळवी झालेली असू शकते. स्क्रू घट्ट बसले म्हणून ती शांत होत नाही.

एक्स-रे उत्तम, माणूस मात्र बेजार!

अशा रुग्णाला ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३४९ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर मणके जोडलेल्यांना नेटाने व्यायाम आणि समुपदेशन घेतलेल्यांपेक्षा थोडाच जास्त फायदा दिसला. मग शस्त्रक्रियेनंतरही दुखत असेल, तर पहिला मार्ग व्यायाम आणि समुपदेशनाचाच का नसावा? पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा ताप येणं ही लक्षणं असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठायचं. एरवी रोजचं चालणं हळूहळू वाढवायचं, झोप सांभाळायची आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, दुखतंय नेमकं कुठून?